फुग्याचा शेजारी

आप्पा, मला रायफल निवडायचीय आन तुमच्यामुळं ती निवडता येईना. तुमी जाऊन इतकी वर्सं झाली, तरी मी नेम धरला की तुमी खांद्याला खांदा लावून उभं. जरा सरका की बाजूला.

भिंगारच्या पलीकडं नेमबाजीचा क्लब हाय. मी सकाळी तिथं जातो, मंग टेम्पोवर. आजपतुर एअर रायफलनं कागदावर मारायचो, बरं मारायचो. औंदा क्लबात दोन सेमी ऑटोमॅटिक आल्यात. एकदा गोळ्या भरल्या की घोडा दाबंल तशी एकेक सुटती, पुढची आपली आपन चढती. तुमच्या यात्रेतल्या बंदुकीवानी दर खेपेला नळी मोडून छर्रा घालायची भानगड न्हाई. मॅच अशी हाय की पाच लोखंडी पत्रे ओळीत उभे करायचे आन लवकरात लवकर पाडायचे. पुन्याच्या मॅचला आमच्याकडनं दोघं जानार, एक ठरलाय, दुसऱ्याची जागा मोकळी हाय आन ती मला पायजे. आमचे साहेब म्हंजी फौजेतले रिटायर सुभेदार. ते म्हनले, "दोन्ही मारून बघ आन एक ठरव. मंग तीच मॅचपतुर. सारखी बदलायला ती काय मोबाईलचं कव्हर न्हाई."

एक हाय नवीकोरी, जड, साईट म्हंजी नेम धरायची खूण एकदम सरळ. दुसरी जुनी. हलकी हाय, दस्ता खांद्यात असा बसतो जसा मापानं शिवलाय, पन कुनीतरी आपटल्यामुळं तिची साईट सरकलीय. मी आदी नवी उचलली. पहिला पत्रा पाडायला गेलो, दुसरा पडला. तिसरा पाडायला गेलो, चौथा पडला. पाचव्याला मारली ती कुठं गेली ते त्या गोळीलाच म्हाइत. मागून पोरं म्हनत्यात, "भाऊ, तुझी गोळी शेजाऱ्याच्या घरी जेवायला जाती का?" मी म्हनलं बंदूक खराब हाय. साहेबांनी ती घेतली, पाची पाडले, परत माझ्या हातात दिली. "आता बोल." मी म्हनलं, "तुमाला घाबरती ती, साहेब."

मंग जुनी घेतली. आप्पा, टक टक टक टक, चार सलग आडवे. पोरं बघायला पुढं सरकली. पाचवा मातर उभाच, तीनदा मारला तरी उभाच. साहेब जवळ आले. "चार असे पाडलेस आन ह्याला काय झालं?" माझ्या तोंडातनं निघून गेलं, "त्याच्या शेजारी कोन न्हाई ना, साहेब."

"काय म्हनलास?"

मंग सांगावं लागलं. यात्रेतला आपला फुग्यांचा फळा, मी सात-आठ वर्साचा, दोन खोकी एकावर एक ठिवून त्यावर उभा. तुमी मागून माझी मान धरताय. "फुग्याकडं बघू नको रं. त्याच्या उजव्या शेजाऱ्यावर धर. फुग्याला वाटलं पायजे आपल्याकडं कुनाचं ध्यानच न्हाई, मंग तो बेसावध घावतो." मी शेजाऱ्यावर धरतो आन ह्यो फुटतो. गर्दी जमती, तुमी वरडताय, "बघा, शेंबडं पोरगं फोडतंय, मिशीवाल्यांना जमंना का?" मिशीवाले पैशे काढत्यात, नेम धरत्यात, एक बी फुटत न्हाई. कडंच्या फुग्याचं इचारलं तर म्हनायचात, "तो राहू दे, तो देवाचा." मी त्या फुग्यांच्या पाया बी पडलोय आप्पा, चोरून. आन एकदा मी चार फुग्यांत गुलालाचं पानी भरलं आन हवालदारानं नेमका त्यातलाच एक जवळनं फोडला, तवा तुमी मला त्याच्यासमोर हानलं आन फळ्यामागं जाऊन पोट धरून हसलात. तेवढं ठसठशीत ध्यानात हाय.

साहेब हसले न्हाईत. म्हनले, "आरं येड्या, यात्रेतल्या बंदुकीची साईट वाकवलेली असती. गिऱ्हाइकाचं लागू नये म्हनून. तुझा नेम सोन्यासारखा हाय, पन तो वाकड्या बंदुकीचा नेम हाय. ही जुनी बी तशीच सरकलीय, म्हनून चार पडले." कागदावर एकच गोल असतोय, तिथं शेजारी न्हाई, म्हनून इतके दिवस झाकून गेलं. ओळ दिसली की हात शेजाऱ्याकडं जातो, मला इचारत न्हाई. तुमच्या बंदुकीत दर छर्ऱ्याला नळी मोडताना घडीभर इसावा तरी हुता. ही आपोआप भरती, त्यामुळं एक चूक पुरी व्हायच्या आत दुसरी तयार.

घरी आलो. आई कुकरला शिट्टी लावत हुती. म्हनलं, "आपली बंदूक वाकडी हुती?" ती म्हनली, "व्हय की. मी नळी धरायची आन ते पकडीनं साईट वाकवायचे, ह्याच वट्यावर. तुला न्हाई ठाव? आख्ख्या तिसगावला ठाव हुतं." मी म्हनलं मंग मला का न्हाई सांगितलं. तिनं गॅस बारीक केला आन म्हनली, "ते म्हनायचे, पोराला ठाव नसलं म्हंजी पोरगं लबाड न्हाई. घरात एकानं तरी खरं मारावं."

ह्याचा मला लई राग आलाय. गिऱ्हाइकाला फसवलं ते फसवलं, मला बी फसवलं, आन वर मला खरा ठिवला म्हनून तुमचेच उपकार. दोन गोष्टी शिकवल्यात मला, एक सायकल आन एक नेम. त्यातला नेम असा निघाला. सायकलचं बी एकदा कुनाला तरी दाखवून घ्यावं म्हनतो.

साहेबांना म्हनलं, मी जुनीच घेतो, तिची साईट नीट करू नका, कडंच्याचं मी बघून घेतो. चार तर पडत्यात. साहेब म्हनले, "इथं पडत्यात. पुन्याला पत्रे लांब असले मंग? अंतर बदललं की तुझा शेजारी बी बदलतो. दरखेपी नवा शेजारी हुडकत बसनार का?" मी म्हनलं नवी घेतली तर पहिल्यापास्नं शिकावं लागंल. "मंग शीक," म्हनले, "तुला काय म्हातारपन आलंय?" सोपं हाय बोलायला. त्यांच्या मानेवर कुनाचा हात न्हाई.

दोन दिवस टेम्पो चालवताना तेच डोक्यात. राहुरीकडं जाताना रस्त्याकडंचे मैलाचे दगड दिसले तरी मी पुढच्याकडं बघतोय. शेवटी काल जाऊन नवी सांगितली. जुनी उचलून एकदा खांद्याला लावली, ठिवून दिली. मंग नवी घेऊन नेम सरळ पत्र्यावर धरला. आप्पा, सरळ धरायचं म्हंजी मोठ्या मानसाच्या तोंडावर उलटं बोलल्यागत वाटतंय. बोट घोड्यावर आन हात उजवीकडं वढतोय, मी डावीकडं दाबतोय, घाम आला. साहेबांनी महिनाअखेरपतुर मुदत दिलीय. तवर पाची पडले तर पुनं, न्हाई तर क्लबातला एक कॉलेजचा पोरगा जाईल, ज्याच्या बापानं त्याला काईच शिकवलं न्हाई. नशीबवान हाय.

हे मी मोबाईलवर लिवलंय. तुमचा नंबर आईच्या फोनात अजून तुमच्याच नावानं हाय. मी एकदा लावला हुता, कुनीतरी केडगावकडचा बाबा बोलला, लई तापट हाय. त्यालाच हे सगळं धाडून द्यावं आन मजा बघावी असं मनात आलं हुतं. न्हाई धाडत.

काल जेवताना आईनं इचारलं, किती पडले. मी म्हनलं, पाची. ती खूश झाली, वाटीत अजून थोडं तूप वाढलं. दोन पडले हुते.