जाड बुडाचं पातेलं आणि तुमचा दुसरा डोळा

तीर्थस्वरूप ताई यांस,

धाकट्या जावयाचा साष्टांग नमस्कार. (गुडघे दोन्ही संपावर आहेत, तेव्हा साष्टांगातून तेवढे वजा करून उरलेला नमस्कार गोड मानून घ्यावा.) तुमचं पत्र परवा पोचलं. मनगट मोडल्यापासून तुमचं अक्षर फारच सुधारलं आहे, त्याबद्दल अभिनंदन. पूर्वी तुमचं पत्र आलं की आम्ही दोघं ते उजेडाला धरून अर्धा तास भांडायचो, आता एका दमात वाचून होतं. मी तर चार वेळा वाचलं.

तुमची प्रकृती कशी आहे? हे मी रीत म्हणून विचारत नाही, मला उत्तर खरोखरच हवं आहे. मनगट वळतं का? पेन धरता येतं का? पेन राहू द्या, भरलेला कप धरता येतो का? भाजी चिरता येते का, निदान मऊ भाजी? डोळ्यांत थेंब स्वतःचे स्वतः घालता येतात का? ऑपरेशन झालेल्या डोळ्याने समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे मोजता येतात का, आणि येत असतील तर एकूण किती? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वेगवेगळं आलं तर बरं होईल. तुमच्या तब्येतीत माझ्याइतकं लक्ष तुमच्या डॉक्टरांचंसुद्धा नसेल.

आमची ही, म्हणजे तुमची धाकटी बहीण, तुमच्याकडे दोन आठवड्यांसाठी म्हणून आली, कपड्यांचे चार जोड घेऊन. आज चौथा महिना चालू आहे. आधी मनगट झालं. मग डॉक्टरांना शोध लागला की तुम्ही पडलात त्या मुळी मोतीबिंदूमुळे, म्हणून उजवा डोळा झाला. आता डावा राहिला. माणसाला डोळे दोनच दिले आहेत याचं मला पूर्वी काही विशेष वाटत नसे, हल्ली वाटतं. तुम्ही पत्रात विचारलं आहे की, तुमचं तिकडे उत्तम चाललं आहे असं ही सांगते, तर डाव्या डोळ्याचं उरकेपर्यंत तिला आणखी दोन-अडीच महिने ठेवून घेऊ का, हो-नाही काय ते उलट टपाली कळवा. कळवतो. पण आधी पातेल्याचं सांगतो, कारण त्याचीही तुम्ही आपुलकीने चौकशी केली आहे.

(माझं उत्तम चाललं आहे ही बातमी मीच फोडली, हे खरं. ही रोज संध्याकाळी फोन करते. हिच्या मते फोन निरोपासाठी असतो, गप्पांसाठी नव्हे. जेवलात का, गॅस बंद केला का, दाराची वरची कडी लावली का. मी तीनदा हो म्हणतो. मग कसं चाललंय म्हणते, मी उत्तम म्हणतो, की संपला फोन. पहिल्या दिवशी उत्तम म्हणालो तेव्हा ते खरंच उत्तम होतं, शेजारच्या नर्सबाईंनी डबा दिला होता. एकदा तोंडातून गेलेला शब्द मागे कसा घ्यायचा? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.)

तर पातेलं. महिन्यापूर्वी बाजारात चांगली सफरचंदं दिसली, आणि मला जाम करायची हुक्की आली. ही दरवर्षी करते तोच. हिची पाककृतींची वही फळीवर होतीच. साहित्य मोजून घेतलं, फोडी एकसारख्या केल्या (शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला मोजमाप कुणी शिकवू नये), साखर घातली आणि वहीत लिहिल्याप्रमाणे मंद आचेवर ठेवलं. वहीत पुढे 'लक्ष ठेवणे' असंही लिहिलं आहे. मी लक्ष ठेवलं होतं, फक्त ते जरा दुसरीकडे होतं. कुठे, ते विषयाला सोडून आहे. वास आला तेव्हा पातेल्यात सफरचंदही नव्हतं आणि साखरही नव्हती. तळाला बोटाच्या पेराएवढा काळा थर होता, आणि त्यात चमचा उभा राहिला होता. तो चमचा नंतर दोन दिवस निघाला नाही.

पातेलं कोणतं, असं तुम्ही विचारलं आहे. 'जाड बुडाचं तर नव्हे?' असंही पुढे आहे, आणि त्याखाली दोन रेघा आहेत. ताई, तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात शेवटचं पाऊल टाकून सहा वर्षं झाली, तरी तुम्हाला आमचं जाड बुडाचं पातेलं आठवतं याचं मला कौतुक वाटलं. हो, तेच. हिने बालवाडीतल्या नोकरीच्या पहिल्या पगारातून घेतलेलं, लग्नाआधीचं. म्हणजे ह्या घरात ते माझ्याहून सीनियर आहे. ही ते मला कधी घासू देत नसे. मी भांडी घासायला घेतली की ही शांतपणे येऊन तेवढं एक उचलून नेत असे.

आता मला वाटलं, ह्यात अवघड ते काय? उभा जन्म मी मुलांनी जाळलेल्या परीक्षानळ्या आणि चंचुपात्रं घासण्यात घालवला. म्हणून पहिल्या दिवशी एक कोरी वही घेतली, वर 'प्रयोग क्रमांक एक' लिहिलं आणि उद्देश, साहित्य, कृती असे रकाने आखले. साहित्य होतं तारेची घासणी आणि मनगट. निरीक्षण असं की थर जागचा हलला नाही, मनगट हललं. (तेव्हा तुमची आठवण झाली.) प्रयोग क्रमांक दोनमध्ये खाण्याचा सोडा टाकून वर व्हिनेगर ओतलं. काय फेस आला! पातेल्याच्या काठावरून ओट्यावर, ओट्यावरून माझ्या चपलांवर. मी अगदी खूश होऊन खुर्ची ओढून बघत बसलो. फेस खाली बसला तेव्हा थर आपला होता तसाच, फक्त ओला. आणि मग डोक्यात प्रकाश पडला की आम्ल आणि अल्कली एकत्र केले की एकमेकांना मारतात, आणि उरतं ते जवळजवळ साधं पाणी. सातवीच्या पोरांना मी हे पाठ करायला लावत असे. न येणाऱ्याला वर्गाबाहेर उभं करत असे. त्या दिवशी मी स्वतः दहा मिनिटं बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

प्रयोग क्रमांक तीन मी सांगणार नव्हतो, पण आता सुरुवात केलीच आहे. प्रयोगशाळेत मुशीला चिकटलेला मळ आम्ही सरळ तापवून जाळून टाकत असू. तोच न्याय मी पातेल्याला लावला आणि ते रिकामंच मोठ्या आचेवर ठेवलं. मूस मातीची असते आणि पातेलं स्टीलचं, एवढाच काय तो फरक. थर गेला नाहीच, वर पातेल्याच्या अंगावर निळे, पिवळे, जांभळे पट्टे उठले. नर्सबाई बेल वाजवून धूर कसला विचारायला आल्या आणि पातेलं बघून म्हणाल्या, अरेरे, मार लागल्यासारखं दिसतंय. मला त्यांचं म्हणणं फार लागलं. त्या दिवशी मी त्याला हात लावला नाही, नुसतं फडक्यावर पालथं घालून ठेवलं.

आता करायला गेलो एक आणि झालं एक म्हणून इथे थांबायला हवं होतं. पण खालच्या मजल्यावर एक घड्याळजी आहेत. ते डोळ्याला भिंग लावूनच वर आले, पातेल्यात डोकं घातलं आणि बराच वेळ आतच राहिले. बाहेर येऊन म्हणाले, पॉलिश पेपर. मी म्हटलं, चरे पडतील. ते म्हणाले, बारीक नंबरचा. त्यांनी दिलेला कागद बारीक नंबरचा नव्हता. (घड्याळजींना जवळचं फार छान दिसतं, कागदामागचा नंबर मात्र ते चष्म्याशिवाय वाचतात.) तीन चरे पडले, आतल्या बाजूला, शेजारी शेजारी. मी त्यांना चहा दिला. त्यांची बायको जाऊन चार वर्षं झाली. येताना ते दुपारचा चहा कुणाकडे मिळेल असा अंदाज घेऊनच येतात, आणि हे मला आधी कधी कळलं नव्हतं. हल्ली मीही चारच्या सुमाराला जिन्यात रेंगाळतो.

ह्या टप्प्यावर मी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं, आणि तुमचं परवाच्या आधीचं ते दोन पानी उत्तर आलं. ते वाचून मला माझ्या शिक्षणाची लाज वाटली. पातेलं अर्धं पाण्याने भरा, दोन चमचे सोडा घाला, दहा मिनिटं उकळा, रात्रभर तसंच राहू द्या, सकाळी लाकडी उलथन्याने हळू खरवडा, जोर करू नका, निघेल तेवढंच काढा, उरलेल्यासाठी पुन्हा तेच. व्हिनेगर सगळ्यात शेवटी, वेगळं, फक्त पट्ट्यांसाठी. तुमच्या पत्रात 'घाई करू नका' तीनदा आहे आणि 'हात भाजून घ्याल' दोनदा. तुम्ही माझी एवढी काळजी करता हे मला माहीत नव्हतं. आपल्या ओळखीला छत्तीस वर्षं झाली, पण तुम्ही मला आजवर 'बसा' आणि 'घ्या' याखेरीज काही म्हणालेल्या नाहीत. तुमच्या पद्धतीने काम चालू आहे. थर बराच उतरला, पण पूर्ण नाही. एक डाग आहे, तो हटत नाही. त्याविषयी सविस्तर मार्गदर्शन करावं, ही विनंती. दोन पानं पुरणार नाहीत, तीन लिहावीत.

बाकी सर्व क्षेम. डाव्या डोळ्याची काळजी घ्यावी, आणि उजव्याला त्याची सवय लावू नये.

आपला,
घरचा (आणि सध्या घरीच राहिलेला) जावई

ता. क. पातेल्याचं हिला अजिबात कळू देऊ नये. हे पत्र तुम्ही एकांतात वाचावं आणि लगेच फाडून टाकावं.

ता. क. दुसरा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, भांडं तर मी आधीच दाखवून बसलो आहे. तर उत्तर नाही असं आहे. पण तुमचा डोळा मी वाऱ्यावर सोडणार नाही. आमच्या घरापासून दोन चौकांवर डोळ्यांचा दवाखाना आहे. मी जाऊन चौकशी करून आलो. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, त्रास कुणाला होतोय? मी म्हटलं, मला. त्या म्हणाल्या, कोणत्या डोळ्याला? मग नीट सांगितल्यावर त्यांनी पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला तुमचं नाव धरून ठेवलं आहे. मधल्या खोलीतला पसारा काढला, तुमच्यासाठी खिडकीकडची बाजू ठेवली आहे. तेव्हा तुम्ही दोघी या. थेंब मी घालीन. थेंब मोजण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

ता. क. तिसरा. हे ताईंसाठी नाही. ताईंना अजून पेन धरता येत नाही आणि नवा चष्मा मिळेपर्यंत वाचायची बंदी आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणजे त्यांचं पत्र तूच लिहितेस आणि माझं तूच वाचून दाखवतेस. तेव्हा इथे जरा थांब आणि एवढं मनातल्या मनात वाच.

पातेलं मागच्या आठवड्यातच स्वच्छ निघालं. पट्टेही गेले. चरे राहिले, त्याबद्दल तू काय म्हणायचं ते समोर येऊन म्हण. डाग मी ठेवला आहे, नखाएवढा, मुद्दाम. तोही निघाला तर तुला पत्र लिहायला काय कारण सांगू? फोनवर मला बोलता येत नाही, तुला माहीत आहे. माझं उत्तम चाललेलं नाही. सकाळी अजून दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो.

आणि जाम लागला तेव्हा मी शेगडीसमोरच उभा होतो. तुझी वही वाचत होतो. जामच्या पानाच्या समासात तू दरवर्षी एकेक ओळ लिहून ठेवली आहेस, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. 'साखर जास्त झाली.' 'फोडी मोठ्या राहिल्या.' 'लिंबू पिळायला विसरले.' आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच: 'ह्यांना आवडला असावा. बोलले काही नाहीत.' मी मोजलं, एकोणीस वेळा आहे. वास आला तेव्हा मी अकराव्यावर होतो, आणि तरी मी आधी उरलेले वाचून संपवले.

आवडला होता. एकोणीसही वेळा आवडला होता. लिंबू विसरलीस त्या वर्षीसुद्धा.