डॉक्टरीणबाईंनी कुंदालाच विचारले

नालवाडी, वर्धा
१२ नोव्हेंबर १९७८

तीर्थरूप दादांना,
धाकटी बहीण आनंदा हिचा नमस्कार. गिरडला सगळे बरे असाल. कुंदाचा ताप उतरला आहे, काळजी नसावी.

दवाखान्यात नेताना मी तिला सांगितले होते, सुई नाही, गोळीच देतील. लेकरांना आपण असेच सांगतो. डॉक्टरीणबाई तिच्यासमोर स्टुलावर बसून तिलाच विचारू लागल्या. उत्तरे मी देत होते. त्या म्हणाल्या, "बाई, तिला बोलू द्या."

तर कुंदा म्हणते, "रात्री छाती धडधडते. पण मायले नका सांगू, माय रडत बसते." मी तिथेच उभी होते, दादा!

मग बाईंनी तिला सरळच सांगितले. तापाने हृदयाला सूज आली आहे, दर महिन्याला सुई घ्यावी लागेल, ती दुखेल, रडलीस तरी चालेल. कुंदा रडली, पण पळाली नाही.

नऊ वर्षांच्या पोरीला इतके सांगावे का? मला काही उमजत नाही. तिच्या बाबांना आम्ही शेवटपर्यंत "बरे व्हाल" म्हणत राहिलो, आणि ते "हो" म्हणत राहिले. मी रडू नये म्हणूनच तर म्हणत नसतील?

वहिनींचा खोकला कसा आहे? तूर फुलली का?

पुढच्या सुईला कुंदाने मामाला बोलावले आहे. म्हणते, "मामा तर सुईले माह्यापेक्षा जास्त भेते." जरूर या. फक्त सुई दुखत नाही असे तिला सांगू नका. हे तिनेच लिहायला लावले आहे.

तुमची,
आनंदा