सिद्धलिंग ऑफ

ती. तारामती आक्काला धाकट्या दैवशालाचा कळंबहून पाया पडून नमस्कार. तामलवाडीत तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि म्हैस बरी असेल असं धरून चालते. आम्हीही सगळे बरे आहोत. (सगळे म्हणजे कोण, एवढंच विचारायचं आहे.)

परवा ह्यांना सबस्टेशनला सुट्टी होती. दुपारी जेवून, माशा नकोत म्हणून तोंडावरून पांढरी चादर ओढून झोपले. फोनची बॅटरी संपलेली. वाशीहून सासूबाईंना ह्यांचा फोन लागेना, म्हणून त्यांचे शेजारी उत्तरेश्वर, त्यांनी सबस्टेशनला लावला. तिथला माणूस "सिद्धलिंग आज ऑफ आहे" एवढंच बोलला. आता तिकडं लाइन जाते तीही ऑफ, सुट्टीही ऑफ. पण आपल्याकडं माणूस गेला तरी ऑफच झाला म्हणतात. मी दळण घेऊन परत येते तर दारात वाशीची जीप, चपलांचा ढीग, आणि चादरीभोवती सगळी भावकी रडतेय. उत्तरेश्वरांनी वरून हारही घातलेला. माझ्या हातातला पिठाचा डबा पडला. (मीच वाढलं होतं गं दुपारी.)

तेवढ्यात चादर हलली. हे उठून बसले, हार काढून नीट घडी करावी तसा बाजूला ठेवला आणि हळूच म्हणाले, "च्या ठिवा." सगळे हसले. सासूबाई हसल्या नाहीत. जाताना मला दाराआड घेऊन म्हणाल्या, "म्या चादरीखाली हात घालून बघितला व्हता. गार पडला व्हता त्यो. माझं लेकरू गेलं. ह्यो कोण उठला, ठावं न्हाय."

म्हातारीला धक्का बसला असेल, असं मी मनाला समजावलं. पण तेव्हापासून दारातलं कुत्रं ह्यांना बघून शेपूट घालतं. हाक मारली की हे आधी मागं वळून बघतात, मग ओ देतात. काल आमच्या लग्नाच्या फोटोपुढं लई वेळ उभे होते. मला विचारलं, "तुझ्या शेजारी कोण हाय गं ह्यो?"

"तुमीच की," मी म्हटलं.

"आसं व्हय," म्हणाले, आणि बोटानं फोटोवरची धूळ पुसली.

लेकरांना आशीर्वाद. तुझी, दैवशाला.

ता.क. फोन मुद्दाम केला नाही. बोलायला लागले की हे येऊन शेजारी बसतात.

आणखी ता.क. हे स्थळ तूच आणलंस, तर एकदा येऊन ह्यांच्यासमोर बस आणि हेच ते का, बघून सांग. नसले, तर फक्त मला सांग. सासूबाईंना कळू देऊ नको. हा आवाज चढवत नाही, आणि भांडी घासतो.