विज्ञानाचे पत्ते आणि बाबांचं "बरोबर"

६ जानेवारी

एकतीस! ऐंशीपैकी एकतीस! विज्ञानात! पेपर हातात पडला तेव्हा वाटलं, बाईंनी चुकून दुसऱ्याच कुणाचा दिला. पण नाव माझं, अक्षर माझं.

अख्खं पुस्तक चार वेळा वाचलं होतं मी. पिवळ्या पेनने रेघा मारून बोट दुखलं. विज्ञानाच्या बाईंनी माझं पुस्तक उघडलं, दोन पानं उलटली आणि म्हणाल्या, "अगं, याला तर कावीळ झालीय." वर्ग फिदीफिदी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मार्चमध्ये खरी परीक्षा. विज्ञानात सत्तर टक्के नाहीत तर लॅबच्या कोर्सला दारातूनच परत पाठवतात. आणि मला लॅबमध्येच जायचंय. दुसरं काही नकोच आहे!

७ जानेवारी

बाईंनी शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. "किती वाचतेस ते नको सांगूस. पुस्तक मिटल्यावर काय उरतं ते सांग." आणि खरंच मिटलं! "उदासिनीकरण म्हणजे काय?" मी आ वासून उभी. कालच वाचलेलं!

"ओळखीचं वाटणं वेगळं आणि येणं वेगळं. वाचत बसू नकोस, आठव. चुकलीस की मगच पुस्तक बघ. दोन दिवसांनी तेच परत विचार स्वतःला. आणि धडे मिसळ. पेपर काही ओळीने विचारत नाही."

म्हणजे चार वेळचं वाचन पाण्यात. चार वेळचं!

९ जानेवारी

पत्ते केले. जुन्या कॅलेंडरची पानं कापून. पुढे प्रश्न, मागे उत्तर, जाड स्केचपेनने, ठसठशीत. प्रश्न मी बघायचा, पत्ता दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि उत्तर तोंडाने म्हणायचं. त्याने मागच्या उत्तराशी ताडून बघायचं.

दुसरं कोण? आई हॉस्पिटलच्या धुलाई विभागात, घरी आली की तिचे पाय सुजलेले. उरले बाबा. आमच्याच शाळेची व्हॅन चालवतात. मुलांना घरोघरी सोडून आले की संध्याकाळी घरीच असतात.

"मला काय कळतंय विज्ञानातलं?"

"कळायला नकोय हो बाबा, नुसतं बघायचंय!"

"बरं, वकीलसाहेब." (मी वाद घालते म्हणून वकीलसाहेब. घालतेच मुळी.)

काय पक्के निघाले! धडाधड म्हटलं की "बरोबर!" मी जरा अडखळले की लगेच "परत सांग." एक चूक सुटत नाही!

१५ जानेवारी

बाबांनी व्हॅनचा डावा आरसा फोडला. म्हणे, खांबच मध्ये आला. आई म्हणाली, "हो ना, खांबांना मेली फिरायची सवयच असते."

२४ जानेवारी

धडे मिसळले. आधी डोकं भणभणलं, आता मजा येतेय. काल विसरलेलं आज आठवलं की ते पक्कं बसतं. बाई खरं सांगत होत्या!

बाबांना हल्ली व्हॅनची काच पुसायचा नाद लागलाय. आतून, बाहेरून, परत आतून. स्वच्छ तर दिसते मला.

२ फेब्रुवारी

सराव पेपर. अठ्ठावन्न!!! एकतीसवरून अठ्ठावन्न! बाईंनी पाठीवर थाप मारली. मी हवेत.

मग चुका बघितल्या. "वाहनांना बाजूला कोणता आरसा लावतात?" मी ठणकावून लिहिलंय, अंतर्वक्र. लाल फुली. बहिर्वक्र हवा. लहान दिसतं पण जास्त दिसतं, म्हणून. छे! हे तर बाबांसमोर कितीदा म्हटलं होतं मी!

३ फेब्रुवारी

तो पत्ता शोधून काढला. मागे माझ्याच अक्षरात, बोटाएवढ्या जाडीने: बहिर्वक्र. म्हणजे पत्ता बरोबर, मी रोज चूक म्हणत होते आणि बाबा रोज "बरोबर!"

तळपायाची आग मस्तकात गेली. "डोळ्यांसमोर धरला होतात ना? लक्ष कुठे असतं तुमचं? व्हॅन चालवता आणि आरसा माहीत नाही?"

"चुकलं गं," म्हणाले. एवढंच. नेहमी माझ्या एकाला दोन सुनावतात.

४ फेब्रुवारी

आज परीक्षा मी घेतली.

पत्ता हातात दिला. काहीतरी खाडखाड म्हटलं. बाबांनी पत्ता लांब धरला, जवळ आणला, कपाळाला आठ्या घातल्या. "बरोबर!"

पत्ता कोरा होता.

५ फेब्रुवारी

काल पुढे लिहवलंच नाही.

आज विचारलं. आधी म्हणाले उजेड कमी होता. मग म्हणाले झोप नीट झाली नव्हती. मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, "दुधाची पिशवी डोळ्यांवर धरल्यासारखं दिसतं गं. वर्ष झालं असेल. ट्रक दिसतो. सायकल... जवळ आली की."

सायकल जवळ आली की! देवा!

"मग माझी उत्तरं कशी तपासत होतात?"

"आवाजावरून. येत असलं की तुझा आवाज चढतो."

म्हणजे मी चूक गोष्ट जितकी ठासून म्हणणार तितकी ती बरोबर! महिनाभर मी माझ्याच आवाजाला शाबासकी देत होते. हसू की रडू कळेना. रडलेच.

"आणि व्हॅन, बाबा? पोरं असतात आत!"

"रस्ता पाठ आहे मला. प्रत्येक खड्डा, प्रत्येक वळण."

पाठ! मी ओरडलेच, "मलाही पाठ होतं सगळं! एकतीस पडले! पाठ नसलेलं काही मध्ये आलं तर?"

बाबा नुसते हात चोळत बसले. मला त्यांचा भयंकर राग आला आणि भयंकर कीव आली, दोन्ही एकदम.

६ फेब्रुवारी

बाबा म्हणतात, आईला नको सांगूस. तुझी परीक्षा होऊ दे, दुसऱ्या दिवशी डोळे दाखवतो. व्हॅनचं काम गेलं की घरात रोज कटकट, तुझा अभ्यास बोंबलेल.

आणि मी हो म्हटलं! मी! मला सत्तर टक्के हवे आहेत ना!

एकच अट घातली. आता आम्हाला अभ्यासाची सुट्टी आहे, तर व्हॅनमध्ये रोज पुढे मी बसणार. मी बघणार, ते चालवणार.

१६ फेब्रुवारी

"डावीकडे सायकल. म्हातारे आजोबा. थांबा! आता चला." दिवसभर हेच. डोळ्यांत तेल घालून बसते. मागे चिल्लीपिल्ली गाणी म्हणतात, त्यांना वाटतं आमचा खेळ चाललाय. एक गुबगुबीत पोरगं आहे पहिलीतलं, सगळे त्याला बटाटा म्हणतात. रोज सगळ्यात शेवटी उतरतो आणि काहीतरी विसरलं म्हणून व्हॅनपाशी परत येतो. आज वॉटरबॅग, काल बूट! त्याला शाळेच्या दारात पोचवल्याशिवाय मी बाबांना हलू देत नाही.

२५ फेब्रुवारी

अडीच आठवडे झाले, काही झालं नाही. सवय झाली. मधल्या मोकळ्या रस्त्यावर आता एकदोन पत्तेही होतात. बाबाच म्हणाले, "वेळ वाया घालवू नकोस." हसले. मीही हसले.

कसं हसू आलं मला?

४ मार्च

पेपर चांगला गेला. आरशाचा प्रश्न आला होता, बरोबर लिहिला.

त्याआधी सकाळी पोरांना उतरवून शाळेच्या दारात व्हॅन मागे घ्यायची होती. बाबांनी विचारलं, "मागे मोकळं आहे ना?" मी शेवटचा पत्ता बघत होते. मान वर न करता म्हटलं, "बरोबर."

चाकाखाली वॉटरबॅग गेली. फक्त वॉटरबॅग. बटाटा हातभर अंतरावर उभा होता, तोंड उघडं, आवाज नाही.

बाबांनी इंजिन बंद केलं आणि किल्ली काढली. खाली उतरले, चाचपडत माझ्या बाजूला आले. "हेडमास्तरांच्या खोलीत ने मला. तो रस्ता पाठ नाही. हात दे."