रुखसानाचा उजवा सुळा

८ नोव्हेंबर, शनिवार
दुरुस्ती. १ तारखेला इथे लिहिलं, ‘रुखसानाचा उजवा सुळा डाव्यापेक्षा स्पष्ट पुढे. प्रकाशाने दात लवकर सरकतो.’ चूक. स्पष्ट काहीच नव्हतं. प्रकाशाचा दिवा उजव्या बाजूलाच देतो, तुलनेसाठी डावीकडे नाही, हे मला मोजताना माहीत होतं. उजवीकडे मनासारखं माप आलं नाही की परत घेतलं. डावीकडे एकदाच. आज मापांची वही चाळली: उजव्या रकान्यात काटाकाट, डावा स्वच्छ.

पान फाडत नाही. शाळेआधी बाबांनी घरी पाटीऐवजी वहीच दिली होती. चुकलं तर एक रेघ, खोडरबर नाही.

वाईट हे की रुखसानालाही सांगून बसले. दातांच्या तारांसाठी महिन्यातून एकदा पुरतं; दर शनिवारी ती येवल्याहून एसटीने येते ती फक्त दिव्यासाठी. ‘मॅडम, फरक पडतोय ना? अब्बा मागावर एकटे बसतात.’ म्हटलं, हो, पडतोय. आजही दिवा दिला. वही उघडली ती गेल्यावर.

९ नोव्हेंबर, रवि.
तिच्या दातांचे प्लास्टरचे साचे घरी आणले, नावावर कागद चिकटवून. बाबांचा जन्म सातपूरला लेथवर गेला, व्हर्नियर त्यांच्या हातात हलत नाही. दिवा कुठल्या बाजूला, सांगितलं नाही. प्रत्येक माप त्यांनी तीनदा घेतलं, मागचा आकडा झाकून.
आई : ‘रविवारीही बापाला ड्यूटी लावलीस!’
बाबांनी चष्मा काढला. ‘दोन्ही सुळ्यांमागची फट सारखीच कमी झालीय गं. तुला जास्त कुठली हवी होती?’
उजवी. दोन्ही आकडे वहीत उतरवले.

११ नोव्हें., मंगळ
सरांना दाखवलं. प्रकाशावरचा थिसिस त्यांच्याच हाताखाली.
‘तुझे बाबा दातांचे डॉक्टर कधी झाले?’
मग नीट बोलले. एका पेशंटवरून प्रकाश निकामी ठरत नाही. बरोबर आहे. पण मग एकीवरून ‘काम करतो’ तरी कसं ठरलं? हे जिन्यात सुचलं, नेहमीसारखं.
‘सगळ्या पेशंटचे साचे परत मोज. पेशंटला मध्येच काही बोलू नकोस. यायचीच बंद झाली तर काय करशील?’
मान हलवली. का हलवली.

१३ नोव्हें., गुरु
केतकी माझ्याच बॅचची. तिने सगळ्या साच्यांवरची नावं झाकून नंबर घातले, यादी तिच्या कपाटात. ‘चावी मागितलीस तर हात मोडीन.’ बरं वाटलं.
काय निघेल माहीत नाही. फरक पडत असेल तर पडो. पण मोजून व्हायला महिना तरी जाईल. तोवर दर शनिवारी रुखसाना एसटीत बसणार, माझ्या एका ‘हो’वर.


१४ नोव्हें., शुक्र
सरांना मेसेज केला, तिला सांगणार आहे. दोन निळ्या खुणा.
वाक्य चारदा लिहून पाहिलं. ‘मागे हो म्हटलं, ती माझी चूक. दिव्याने फरक पडतो की नाही, मला अजून माहीत नाही. दर आठवड्याला यायचं की नाही, तू ठरव. तारांचं काम थांबणार नाही.’
‘माफ कर’ कुठे घालायचं ते...
उद्या, शनिवार, १५ नोव्हेंबर. तिची गाडी दहाला येते. दिवा लावायच्या आधी.