वखारीचा कर मीच भरणार

ता. ४ एप्रिल १९३३
इन्कमटॅक्सची नोटीस आली. ह्यांच्या नावाने. ह्यांना जाऊन वर्ष झालं, सरकारला पत्ता नाही. महिन्याच्या आत उत्पन्नाचा फॉर्म भरून द्या म्हणे. फॉर्म सोबत नाही. कुठे मिळतो तेही लिहिलेलं नाही. शिपायाला विचारलं तर म्हणाला, "कचेरीत बगा, बाय." बघा म्हणजे कुठे बघा?

ता. ६
विनायकभावजी पावसहून नारळाच्या गाडीबरोबर आले. नोटीस वाचली, हसले. "वहिनी, तुम्ही कशाला उन्हातान्हाच्या कचेऱ्या झिजवता? फॉर्म मी आणतो, मीच भरतो." धाकटा दीर इतका गोड कधी नव्हता. भावाच्या आजारपणात एकदाही फिरकला नाही. सासूबाई माजघरातून, "बरं झालं. घरात पुरुष माणूस हवंच." मी वखारीत जाऊन नारळ उतरवून घेतले.

ता. ११
वि.चा भरवसा नाही, म्हणून स्वतःच गेले. कचेरीतले तिजोरीवाले म्हणाले, पोस्टात बघा. पोस्टात म्हणाले, आमच्याकडे फक्त मनिऑर्डरीचे. परत कचेरी. मागच्या पडवीत एक कारकून पान लावत बसलेला.
"तुमचा फॉर्म गेला. तुमचे दीर घेऊन गेले."
दुसरा द्या.
"एका वखारीला एक. लोक फॉर्म नको म्हणून दडून बसतात, तुम्हाला दोन कशाला?"
मागे दोघे फिदीफिदी हसले. जिभेवर आलेलं गिळलं. आता वाटतं, गिळायला नको होतं.

ता. १२
वि.ला गाठून विचारलं. त्याने फॉर्म भरून देऊनही टाकला! लिहिलंय काय, तर नारळ घरच्या बागेचा आणि वखारही बागेचीच. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही. "एक पै भरायला नको, वहिनी. उपकार माना."
तळपायाची आग मस्तकात गेली. बागेचा नारळ चार गाड्या, बाकी सगळा मी गावोगावचा विकत घेऊन मुंबईला बोटीने पाठवते. वखार घेतली ती माझ्या माहेरच्या पाटल्या मोडून. बाग वि.च्या नावावर आहे. वखार बागेची ठरली की तीही त्याची, आणि मी त्याच्या घरी दोन वेळच्या पेजेवर. कर वाचवतो म्हणे. चोर मेला.

ता. १८
वकिलांकडे. "कर भरायला भांडणारी बाई पहिलीच पाहिली." पण म्हणाले, कर ज्याच्या नावाने भरलेला, त्याचं म्हणणं उद्या कोर्टात वजनदार ठरेल. फॉर्म त्यांच्याकडेही नाही. इन्कमटॅक्सचे साहेब फिरतीवर, लांज्याला मुक्काम, कोरे फॉर्म त्यांच्या पेटीत. एवढं सांगायची फी घेतली.

ता. २१
सर्व्हिस मोटारीने लांजा. धूळ, दोनदा ओकारी. साहेबांच्या मुक्कामाच्या बंगल्यापुढे व्यापाऱ्यांची रांग, जो तो रडतोय, धंदा बसला साहेब. माझी पाळी आली. म्हटलं, माझा चालतो.
साहेबांनी मान वर केली. "कर लागेल, बाई."
लागू दे.
पेटीतून फॉर्म काढून दिला. फुकट. ह्या कागदासाठी सगळ्या रत्नागिरीने मला नाचवलं!

ता. २४
भरला, दिला. मालक : स्वतः. कारकुनाला पोच लिहून द्यायला लावली. त्याचं पान तोंडातच राहिलं. बरं वाटलं. खूपच बरं वाटलं.

ता. ५ मे
बोलावणं आलं, दोघांनाही. एका वखारीचे दोन फॉर्म कसे? वखार कुणाच्या पैशाने घेतली, साक्षीदार आणा. पाटल्या मोडल्या तेव्हा सोनारापुढे आम्ही दोघं आणि सासूबाई. हे गेले. सोनारही गेला. उरल्या त्या…

ता. ७
वि. अंगणात उभा राहून ओरडला, "दादाचं नाव पुसलंस!" वहिनीची एकदम तू झाले. शेजारी कुंपणाला लागले. मी म्हटलं, दादा खोकत होता तेव्हा कुठे होतास? मग आईसाठी आणलेलं लुगडं ओटीवर ठेवून गेला. आयुष्यात पहिल्यांदा. सासूबाईंनी उचलून आत नेलं. मला मेलीला रडू आलं, तेही त्यांच्यासमोर.

ता. १४
उद्या कचेरी. आठवडाभर सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत, मीही नाही. आज तांदूळ निवडता निवडता एकदम,
"उद्या किती वाजता निघायचं?"
कुठे?
"कचेरीत गो. माझी साक्ष हवी ना?"
काय सांगणार?
"आठवेल ते सांगीन."
आठवण चांगली आहे त्यांची. माझ्या लग्नात माहेरच्यांनी काय काय कमी दिलं, ते अजून तोंडपाठ आहे.