उजव्या बाजूची मागची खिडकी

९ नोव्हें., रवि.
बोट उघडली. ताडपत्री केव्हाच फाटली होती. आत वास: कुजका नारळ, डिझेल, ओलं बनियन, तिन्ही एकत्र. पुन्हा तीच, उजव्या बाजूची मागची खिडकी. खालच्या कोपऱ्यातून पिवळा ओघळ थेट गादीपर्यंत. गादीवर काळी बुरशी, बोटभर केस आलेली. उचलली तर निथळली. शी.

सुमन बघायला आली. छपरावरच्या दांड्याला धरून कशीबशी चढली, नाकाला पदर लावला, उतरली. म्हणाली, हरमलचा तो गोरा आपल्याला बोट विकून पळाला तो शहाणा.

जुन्या गळत होत्या म्हणून मार्चमध्ये चारही खिडक्या शाबी मेस्ताने, गावच्या सुताराने, नव्या बसवल्या होत्या. जूनमध्ये ही पुन्हा गळली. तीस वर्षांचा दोस्त आणि काम हे असं.

११ नोव्हें., मंगळ.
शा.ची खिडकी काढायला घेतली. आता माझं मी करणार. खनिज वाहणाऱ्या बार्जवर एकतीस वर्षं फिटर होतो, चार खिडक्यांसाठी मेस्त कशाला हवा? लोखंडात पाणी जिथे दिसतं तिथेच भोक असतं. एवढं शा.ला कळू नये.

सिलिकॉन सुटता सुटेना. सुरी, तासणी, शेवटी सुमनचा जुना उलथना. खाली गोऱ्याच्या काळातले थर: पांढरा, करडा, एक चक्क गुलाबी. जो येतो तो आधीच्या घाणीवर आपली घाण थापतो. नखांत अजून चिकट आहे, जेवताना हाताला तोच वास.

शा.चा थर मात्र एकसारखा होता, कुठेही पोकळ नाही. लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

१४ नोव्हें., शुक्र.
खिडकी बसवली. नवा रबर, भरपूर सिलिकॉन. बोल्ट आवळले बार्जवर आवळायचो तसे, दात खाऊन. सातव्या बोल्टला टक्. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा. ॲक्रिलिक म्हणजे लोखंड नव्हे, हे साठाव्या वर्षी समजलं. सिलिकॉन सगळं बाहेर आलं, दात घासताना फेस यावा तसं.

सुमनला सांगितलं, काच मुळातच खराब होती. तिने मान हलवली. विश्वास ठेवलेला नाही.

१८ नोव्हें., मंगळ.
म्हापशाहून नवीन काच कापून आणली. या वेळी हलक्या हाताने आवळली. तीन दिवस सुकू दिली. आज पाइप लावला, सगळ्या छपरावर अर्धा तास.

गळली. तोच कोपरा, तोच ओघळ. पालथ्या घड्यावर पाणी. बोटीला आग लावावीशी वाटली. चोपड्याच्या नदीत इतक्या होड्या, सगळ्या जुन्या, सगळ्या ठिगळांच्या, आणि गळते ती माझीच.

१९ नोव्हें., बुध.
सकाळी तोंड धुतलं नाही, चहा घेतला नाही. सुमन कपडे भिजवत होती. म्हणाली, इतकी वर्षं धोतरं पांढरी करणारी नीळ आहे घरात. निळीचं पाणी घ्या, एका वेळी एकाच जागी घाला, कुठून येतं ते दिसेल. मी म्हटलं, बार्जवर असलं काही करत नाहीत. ती म्हणाली, म्हणूनच बार्ज बुडतात.

बार्ज बुडाली नव्हती, खाणी बंद झाल्या.

संध्याकाळी निळीची डबी खिशात घालून गेलो. खिडकीच्या चारही कडांवर निळं पाणी घातलं. तासभर आत बसलो टॉर्च घेऊन. एक थेंब नाही. शा.ने जुलैत सांगितलं होतं, ते आठवलं. “माजी काच गळना. तू वयर बघ.” मी वर बघितलं नव्हतं. त्याच्याकडेच बघत राहिलो होतो.

२० नोव्हें., गुरु.
वर दांडा. दोन वर्षांमागे चतुर्थीच्या आधी मीच बसवला, सुमनच्या गुडघ्यासाठी. सहा स्क्रू. ड्रिल घेतलं, भोकं मारली, स्क्रू ठोकले. खाली ना रबर ना सिलिकॉन. बार्जवर काय, भोक मारा, वर रंग फासा, झालं.

दांड्याच्या मागच्या स्क्रूपाशी पेलाभर निळं पाणी ओतलं. आत आलो. पंचवीस मिनिटांनी खिडकीच्या कोपऱ्यातून थेंब आला. निळा.

तिथून खिडकी दोन हात लांब. पाणी फायबरच्या दोन थरांमधून चालत येतं आणि खिडकीसाठी कापलेलं भोक आलं की बाहेर पडतं. गळती सुरू कधी झाली? दोन वर्षांमागे. चतुर्थीनंतर. हे मला कधी सुचलं नाही, कारण दांडा माझा होता.

स्क्रू काढला. भोकातून काळा लगदा आला, आंबलेल्या पेजेसारखा. मधलं प्लायवूड कुजलंय. बोट घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. किळस आली. त्या लगद्याची की माझी, ते लिहीत नाही.

डबी हातावर सांडली. उजवा तळवा मनगटापर्यंत निळा. साबणाने गेला नाही.

२१ नोव्हें., शुक्र.
काही केलं नाही. बोटीवर गेलो नाही.

जुलैत तिठ्यावर, मासळीच्या फळीपाशी, रविवारच्या गर्दीत शाबीला काय म्हटलं ते शब्दाशब्दाने आठवतंय. मेस्त नव्हे, खिळे ठोकणारा. त्याच्या बापालाही ओढलं मध्ये. तो हातातली पिशवी सावरत उभा होता. नंतर दोन घरांची कामं त्याच्या हातून गेली, सुमनने मागाहून सांगितलं. तेव्हापासून मी तिठ्यावर जात नाही, मासळी तीच आणते.

एवढ्यावर थांबलो नाही. राखणदाराला, गावच्या देवाला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. “ज्या हातान ह्या वाटोळा केला, तो हात गावाक दाखय रे म्हाराजा.” मोठ्याने घातलं, शाबीच्या घरापर्यंत जावं म्हणून.

जेवताना सुमन माझ्या हाताकडे बघत होती. गाऱ्हाण्याच्या वेळी ती माझ्या शेजारी उभी होती. हात ताटाखाली घेतला, मग डाव्याने जेवता येईना.

२२ नोव्हें., शनि.
सकाळी शाबीच्या मांगरात, त्याच्या कामाच्या शेडमध्ये गेलो. चौकट रंधत होता. वर बघितलं नाही. मीच सुरुवात केली: दांडा, स्क्रू, नीळ, सगळं. ऐकत होता की नाही, कळेना. रंधा चालूच. म्हटलं, गाऱ्हाणं उतरवूया, राखणदाराकडे दोघं जाऊ, नारळ मी आणतो.

रंधा थांबला. माझा हात बघितला, बराच वेळ.

“देवाक कित्याक तरास? तिठ्यार म्हटलंस, तिठ्यारच सांग.”

परत रंधायला लागला. मी उभा राहिलो. निघताना एवढंच बोलला, कुजलेलं प्लायवूड सगळं काढ, अर्धं ठेवू नको, परत गळेल. चहा विचारला नाही. पूर्वी विचारायचा नाही, सरळ आणायचा.

देवापुढे जमलं असतं. देव मान हलवत नाही, हसत नाही. तिठ्यावर सगळे असणार, मासेवाल्या बाया, रिक्षावाले, शाळेतले मास्तर. आणि नाही गेलो, तर शाबीकडे पुन्हा तोंड नाही. बोट कोरडी होईल, दांडा सीलबंद होईल, आणि ती घेऊन जाणार कुणाबरोबर?

दुपारभर लिंबाने हात घासला. सुमनने लिंबू काढून घेतलं. “पुसू नकात. तशेच जावा.”

मासळीची पिशवी दाराच्या खिळ्याला अडकवलेली असते. आज तिने ती माझ्या चपलांवर ठेवली आहे. उद्या रविवार. हात अजून निळाच आहे.